म्हंजे कंचं हिरवं?

आई,

तुझ्या दुकानावरच्या खोलीत बसून लिहिते आहे. खाली वहिनीचं शिलाई मशीन चालू आहे. माझ्यासाठी ती काळ्या कापडाच्या दोन बाह्या शिवते आहे. सकाळी कापड पुढं ठेवलं तेव्हा म्हणाली, "झंपर कुठाय, ताई? बाह्या कशाला जोडू?" कशालाच जोडायच्या नाहीत, नुसत्या बाह्याच हव्यात, मनगटापासून कोपरापर्यंत, असं सांगितल्यावर तिनं आधी माझ्याकडं आणि मग कापडाकडं बघितलं. "एवढं शिकून शेवटी नुसत्या बाह्याच व्हय," म्हणाली आणि हसत खाली गेली. तू हसली नसतीस. बाह्या कशासाठी ते तुला एका वाक्यात कळलं असतं. तू जाऊन इतका काळ लोटला की आता दुकानात येणाऱ्या निम्म्या बायकांना तू माहीतही नाहीस, तरी ही गोष्ट जिला सांगावी असं दुसरं माणूस मला आठवेना. म्हणून लिहायला बसले.

माझ्या हाताखाली संशोधनाला एक मुलगी आली आहे. आपल्या मानवतहून तू बाजाराला जायचीस त्या झरीची. हैदराबादच्या आमच्या संस्थेत आपल्या भागातलं कुणी आजवर माझ्याकडं आलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती "मॅडम, आमी परभणीकडचे" म्हणाली आणि मी उगीच खिडकीबाहेर बघत राहिले. तसं बोलणं त्या इमारतीत तुझ्यानंतर मी ऐकलंच नव्हतं. मुलगी हुशार आहे, पण हुशार पुष्कळ येतात. तिचा हात हलका आहे. आमच्या कामात आरशांचे बारीक स्क्रू फिरवून प्रकाशाची रेघ जागेवर आणावी लागते. जोर लावला की रेघ पळून जाते. मी तिला सवयीनं म्हणाले, "हात ढिला सोड." ती खुदकन हसली. "मॅडम, हे तर कासारीण म्हनती की, बांगड्या भरताना." मी तिला पुढचा आरसा दाखवला. कासारणीची लेक आहे हे मी तिथं कुणालाच कधी सांगितलेलं नाही. लपवलं असंही नाही. विचारलंच नाही कुणी.

उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. सुट्टी संपवून आली ती दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा भरून. माझ्या लेझरच्या खोलीच्या दारावर पाटी आहे: हातात, बोटात, गळ्यात चमकणारं काही घालून आत येऊ नये. ती पाटी मीच लावलेली आहे. मुलगी पाटीखाली थांबली. "मॅडम, वरीसभर काढायचा न्हाई म्हनलेत घरी," म्हणाली. मी आजवर सगळ्यांना सांगत आले तेच तिला सांगितलं, की मग आत येता येणार नाही. ती वाद घालेल असं वाटलं होतं. तिनं नुसतं "बरं मॅडम" म्हटलं आणि जिना उतरून गेली. त्यानंतर ती खाली वाचनालयातच बसायला लागली. मग कळलं की लेझर लागणार नाही असा दुसरा विषय, दुसरा मार्गदर्शक ती शोधते आहे.

नियम चुकीचा नाही, आई. लेझरचा उजेड दिव्यासारखा पसरत नाही. तो सुईसारखा सरळ जातो. वाटेत काच आली, सोनं आलं, घड्याळाची तबकडी आली, तर तसाच उलटा फिरतो आणि डोळ्यात शिरला तर डोळा परत येत नाही. खोली अंधारी, दाराला काळे पडदे, आणि त्या अंधारात कुणाचा हात कुठून कुठं जाईल याचा नेम नाही. म्हणून मनगट मोकळं लागतं. सगळं खरं आहे. पण ती "बरं" म्हणून जिना उतरली तेव्हा मला तू दिसलीस. त्याच दाराशी, त्याच पाटीखाली, स्टुलावर बसलेली.

लहानपणी मी तुझ्या दुकानाची जाहिरात होते. नवा माल आला की आधी माझे हात भरायचे आणि मला उंबऱ्याशी बसवायचं. "पोरीच्या हातात बघा कशी उठून दिसती," असं तू गिऱ्हाइकांना सांगायचीस. सकाळच्या उन्हात मी हात वर धरला की समोरच्या भिंतीवर लाल, हिरव्या, जांभळ्या कड्या पडायच्या. हात हलवला की कड्या एकमेकींतून जायच्या. मी काचेतून थेट सूर्याकडं बघायला लागले तेव्हा तू पाठीत धपाटा घातला होतास. "डोळे फोडून घेतीस का? भितीवर बघ. भितीवर बी तेच दिसतंय." पुढं मी दरवर्षी नव्या मुलांना हेच सांगत आले, की थेट बघू नका, पडद्यावर बघा. धपाटा तेवढा घालता येत नाही.

दसरा उलटला की ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची रीघ लागायची. त्या काळातलं दुकान मला सगळ्यात जास्त आठवतं. एरवी बाया रंग बघत बसायच्या. या बाया रंगाला बघायच्या नाहीत. "टिकंल अशी भर," एवढंच म्हणायच्या. तू त्यांचा हात मांडीवर घेऊन, अंगठ्याच्या मुळाशी दाबून, घट्टे पडलेला तळवा मळून मळून मऊ करायचीस. "हात ढिला सोड. सोड की. कोयता न्हाई तुझ्या हातात आत्ता." त्या हसायच्या. तेवढ्यात बांगडी आत गेलेली असायची. जुन्या काढतानाही प्रत्येक हातात एक ठेवायचीस आणि नव्या चढल्या की मग ती शेवटची काढायचीस. हात क्षणभरही रिकामा राहायला नको. आणि सगळं झाल्यावर वर एक बांगडी आपल्याकडून. "ही माझी. परतून आलीस की मलाच दाखव." वैशाखात काही बाया खरंच यायच्या, ती एक मिरवत. मिरवायला एकही न उरलेल्याही यायच्या. त्यांना तू काही विचारायची नाहीस, नुसती बांगड्यांची टोपली पुढं ओढायचीस.

असल्या घरातली मी. परभणीला रसायनशास्त्र शिकले, मग हैदराबादला गेले, आणि पहिल्याच दिवशी एका वरिष्ठानं मनगटाकडं बोट दाखवून म्हटलं की हे बाहेर. मी बांगड्या काढून पिशवीत टाकल्या. सुट्टीला निघताना गाडीत परत घालायची. मग एकदा विसरले आणि तशीच दुकानात शिरले. तू एका बाईचा हात धरून बसली होतीस, तो सोडून उठलीस. "कासाराची लेक अन् हात भुंडे! गिऱ्हाईक काय म्हनंल? हिच्याच घरात बांगडी न्हाई अन् आमाला भरायलीय." मला तिथंच खाली बसवलंस आणि सगळ्यांदेखत दोन्ही हात भरलेस. बोटं मात्र न्याहाळत राहिलीस. तेव्हा आमच्या लेझरमध्ये रंगाचं द्रावण वापरायचे आणि ते नखांत मुरायचं, गुलाबी-केशरी. "हे काय? मेंदी?" औषध आहे म्हटल्यावर त्या बाईला म्हणालीस, "बघा. बाकीच्या पोरी मेंदीनं हात रंगवतेत, माझी औशिदानं." परत जाताना चुडावा स्टेशन मागं पडलं की मी बांगड्या काढून दस्तीत बांधायची. पुढच्या वेळी गाडी चुडाव्याला पोचली की पुन्हा चढवायची. हे तुला ठाऊक होतं. मनगटावर बांगडीचा वळ नाही हे कासारणीच्या नजरेतून सुटतं होय?

तू बोलली नाहीस, पण पुढच्या दिवाळीत कागदात गुंडाळलेल्या काळ्या रबराच्या बांगड्या माझ्या हातावर ठेवल्यास. "ही बघ. काच न्हाई, लाख न्हाई. हिच्यात उजेड परतत न्हाई. लाव दिव्याम्होरं." मी खरंच दिव्यासमोर धरली. नाही परतत. मी त्या घालून प्रयोगशाळेत गेले आणि वरिष्ठांनी विचारलं, ही कड्यांची जोडी कोणत्या पंपाची काढून आणलीस? आमच्या पंपांना तसलीच रबरी कडी लागते. एक तर त्यांनी बसवूनही बघितली. बसली नाही. हे मी तुला सांगितलं तेव्हा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. झरीच्या बाजारात वर्षभर सांगत होतीस, "माझ्या लेकीच्या हापिसात मशिनीला बी बांगड्या लागतेत." ते रबर पुढं भेगाळून तुटलं. तोवर मी घालत होते.

मग तुम्ही दोघं आलात. मी परदेशात, एका थंड गावात, काही वर्षं काढून परत आले होते आणि मला स्वतःची खोली मिळाली होती. बाबा नवा सदरा घालून आणि तू धपाट्यांचा डबा घेऊन. जिना चढताना तू कठड्याला हात लावत होतीस आणि प्रत्येक पायरीला किणकिण होत होती. दारावरच्या माणसानं पाटी वाचून दाखवली. बाबांनी घड्याळ काढलं, अंगठी काढली, आणि कुणी न सांगता खिशातली घराची किल्लीही काढून दिली. तू दोन्ही हात पुढं धरून बघितलेस. "ह्या? ह्या माझ्यासंगंच जातेल." मी म्हटलं, आई, पदर गुंडाळ हाताला, तेवढ्यापुरतं चालतं. तुझं उत्तर मी पुढं कितीदा मनात ऐकलंय. "न्हाई. तुझा नेम हाय, माझा बी नेम हाय. मी माझा मोडत न्हाई, तू तुझा मोडू नको. जा, बाबाला दाखव. मी हाय हितं." आणि स्टुलावर बसलीस, डबा मांडीवर घेऊन.

बाबांना मी सगळं दाखवलं. लेझर चालू केला, सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर ठिपके दाखवले. एकेका रेणूला हिरवा उजेड द्यायचा, तो केशरी करून परत देतो, तो टिपायचा, एवढंच माझं काम. रेणू लुकलुकतात. देता येईल तेवढं देतात आणि मग एकदम थांबतात ते कायमचे. बाबा मान हलवत होते. बाहेर आले तर तू उभीच. "काय दिसलं?"

"हिरवं."

"हिरवं म्हंजे?"

"हिरवं. लय हिरवं."

"म्हंजे कंचं हिरवं?"

बाबा विचारात पडले. तुझ्या हाताकडं बघून म्हणाले, "तुझ्या बांगडीसारखं." मग लगेच, "न्हाई. तसं बी न्हाई." तू कपाळाला हात लावलास. परतीच्या गाडीत तू त्यांना नांदेडपर्यंत छळलंस असं ते सांगायचे. पोपटी का? मेंदी? रावा? मोरपंखी? जन्म कासारीण बायकोबरोबर काढला आणि या माणसाला दोनच हिरवे ठाऊक, एक पिकाचा आणि एक एसटीच्या झेंडीचा. एसटीला झेंडी नसते हे त्यांना कोण सांगणार.

पुढच्या सुट्टीत तू याच खोलीत चटईवर सगळे हिरवे मांडून ठेवले होतेस. दोऱ्यात ओवलेल्या बांगड्यांच्या माळा, खिडकीच्या उजेडात, फिक्यापासून गडदापर्यंत. "आता सांग. ह्यातला कोंचा?" मी एकेक माळ उचलून बघत गेले. तू माझ्या तोंडाकडं बघत होतीस, मी कोणत्या माळेवर थांबते ते बघायला. एकाही माळेवर थांबता येईना. काचेतल्या हिरव्यात थोडा पिवळा असतो, थोडा निळा, थोडी सावली. लेझरच्या हिरव्यात दुसरं काही मिसळलेलं नसतं. तो नुसता हिरवाच असतो. हे तुला कसं सांगावं या विचारात मी बराच वेळ एक माळ धरून बसले. शेवटी तूच म्हणालीस, "म्हंजे आमच्या दुकानात न्हाईच." माळा गोळा करताना तुझा चेहरा पडला होता. सगळ्या मुलखाच्या बायकांना हवा तो रंग काढून देणारी तू. लेकीचा रंग तेवढा तुझ्यापाशी नव्हता.

बाबा गेले तेव्हा मी पोचेपर्यंत बायका जमल्या होत्या. तुझ्या बांगड्या वाढवायला एक म्हातारी पुढं झाली, तर तू हात मागं घेतलास. "फोडायच्या कशाला?" म्हणालीस. आणि स्वतःच, एकेक, अंगठ्याच्या मुळाशी दाबून, काढल्यास. एकही तडकली नाही. मग दोरा मागितलास आणि त्या ओवून ठेवल्यास. म्हातारी म्हणाली, "आगं, कोन घालंल आता त्या?" तू म्हणालीस, "काच हाय ती. काचंला काय ठावं." शेवटच्या दोन काढताना मात्र तुझा हात थांबला होता. नव्या चढल्याशिवाय शेवटची काढायची नाही, हे तुझ्या हाताला आयुष्यभर शिकवलेलं. तो थांबला, वाट बघत राहिला, आणि मग त्यानं ती काढली. मी शेजारी बसून बघत होते.

दुकान तू चालू ठेवलंस. भुंड्या हातांनी दुसऱ्यांचे हात भरू लागलीस. लग्नाचा चुडा भरायला तेवढं आता कुणी बोलवत नव्हतं, आणि तूही विचारत नव्हतीस. पावसाळा संपता संपता तुझा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तू म्हणालीस, "आता येऊ का गं तुझी खोली बघायला? आता काढायला काई न्हाई."

मी ये म्हटलं. तू आलीस, एकटी, सकाळच्या गाडीनं. आणि आई, त्याच आठवड्यात लेझर गेला होता. त्या जुन्या लेझरची नळी असायची, ती म्हातारी झाली की एक दिवस पेटतच नाही. नवी परदेशातून यायची होती. तुला फोन करून सांगेपर्यंत तू तिकीट काढलं होतंस. म्हणालीस, "असू दे. खोली तर हाय ना जाग्यावर?"

खोली जाग्यावर होती. दारावरच्या माणसानं तुला ओळखलं, तुझ्या हातांकडं बघितलं आणि काही न बोलता पडदा बाजूला धरला. मी तुला टेबल दाखवलं, आरसे, सूक्ष्मदर्शक, तो बंद पडलेला लांबट डबा. इथून निघतो, इथून वळतो, इथं पोचतो. तू बोटानं हवेत ती वाट गिरवलीस. मग म्हणालीस, "काम करताना आसंच आसतंय का? दिवा लावून?" मी म्हटलं, नाही, अंधार करतात. "मग कर की." मी दिवा बंद केला.

आपल्या घरी लाइट जायची तेव्हा काय व्हायचं आठवतं? संध्याकाळचा स्वयंपाक अर्ध्यावर, मी आणि धाकटा भिंतीला टेकून, काही दिसायचं नाही, पण तुझ्या बांगड्या वाजत राहायच्या. परातीपाशी, मग चुलीपाशी, मग फडताळाकडं. तू कुठं आहेस ते आवाजावरून कळायचं आणि भीती वाटायची नाही. आम्ही फारच चिडीचूप झालो की तू मुद्दाम हात हलवायचीस. छुन्न. म्हणजे आहे मी.

त्या दिवशी माझ्या खोलीत अंधार झाला आणि काहीच ऐकू येईना. तू कुठं उभी आहेस ते कळेना. पदर सळसळल्यासारखा झाला. तू हात हलवला असणार, सवयीनं. आवाज आला नाही. मग थोड्या वेळानं तुझा आवाज आला, "मी हाय हितं." आणि नंतर, "हितं बसतीस व्हय दिवसभर? एकलीच?"

मी हो म्हटलं. सवय झालीय म्हटलं.

"बोलत जा काईतरी. आंधारात बोलत राहावं मानसानं."

मला बाकीचं सगळं दाखवायचं होतं, हिरवा दाखवायचा होता, ठिपके दाखवायचे होते. ते राहिलं. त्या खोलीत दुसरं काय असतं ते तेवढं तू बघून गेलीस. नवी नळी आली तेव्हा तुझी छाती भरली होती आणि डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं होतं. मग हिवाळ्यात तू गेलीस. आता नळीही नसते. हिरवा लेझर काड्यापेटीएवढ्या डब्यातून येतो, आणि तो पहिल्यांदा लावला त्या दिवशी पडद्यावरचा ठिपका बघून मी मोठ्यानं म्हणाले होते, आई, हा बघ, हा. तू बोलत जा म्हणाली होतीस. पण उत्तर न येता बोलणं लवकर संपतं.

माझं काम बरं चाललंय. मोठी खोली आहे, शोधनिबंध छापून येतात. ते नीट समजणारी जगातली सगळी माणसं एका एसटीत मावतील आणि मागची बाकं रिकामी राहतील. लग्न झालं नाही, ते आता होण्यातलंही नाही, आणि त्याचं दुःख मी धरून बसलेले नाही. दिवसभर अंधारात एकेका रेणूकडं बघायचं, तो थांबला की दुसरा शोधायचा. संध्याकाळी पडदा सारून बाहेर आलं की उजेड डोळ्यांना टोचतो आणि कुणाशी काय बोलायचं ते चटकन सुचत नाही. हे मी कुणाला सांगत नाही. तुला सांगावं लागत नाही, तू ते तेव्हाच बघितलंस.

तर ती मुलगी. तिनं माझ्या दाराशी "बरं" म्हटलं तेव्हा मी तुझं "तुझा नेम हाय, माझा बी नेम हाय" ऐकत उभी होते. तू स्टुलावर बसलीस. तिनंही तसंच वाचनालयात बसून राहायचं का? तू पदर गुंडाळला नाहीस, कारण तुला तुझ्यासाठी कुणाचा नियम वाकवायचा नव्हता. पण पाटीवर चमकणारं नको असं लिहिलंय. झाकलेलं नको असं कुठं लिहिलंय? उजेडाला परतायला काही मिळालं नाही म्हणजे झालं. तुझं रबर तरी दुसरं काय होतं? मी सुट्टी टाकली आणि इकडं आले. येताना मोंढ्यापाशी उतरून मांजरपाट घेतला, दाट, काळा, दिव्यासमोर धरून बघून.

मुलगी या आठवड्यात इकडंच, सासरी आली आहे. दुपारी तिला फोन केला. मागं कुणीतरी शेंगा फोडत असावं.

"सोमवारच्या गाडीला आहेस का?"

"हाव मॅडम. पन चुडा हायेच हातात." आवाज दबका. विषय बदलायचा अर्ज देऊन आली आहे की काय, ही धास्ती मला.

"असू दे. वरून घालायला बाह्या शिवून आणते आहे. काळ्या. एकही बांगडी बाहेर दिसता कामा नये, मग आत ये."

बराच वेळ नुसत्या शेंगा. मग, "तुमी शिवायलाव, मॅडम?"

"माझी वहिनी शिवतेय. आमचं मानवतला बांगड्यांचं दुकान आहे. माझी आई कासारीण होती."

"आगं माय," ती म्हणाली, आणि मॅडमला आगं माय म्हटलं म्हणून जीभ चावली असणार. "म्हनून तुमी हात ढिला सोड म्हनलाव!" हसली. थांबली. मग म्हणाली, "मॅडम, पन वाजतेल की त्या. बाहीत गेल्या तरी. तुमाला आंधारात तरास व्हईल."

"होणार नाही," मी म्हटलं. "सोमवारी ये."

आता इथं ऊन उतरलंय. तू त्या वेळी ओवून ठेवलेली माळ फडताळातल्या पत्र्याच्या डब्यात अजून आहे. कुणी घातली नाही, कुणी टाकली नाही. मघाशी काढून खिडकीत धरली. भिंतीवर कड्या पडल्या. हिरवा तोच, थोडा पिवळा, थोडा निळा, थोडी सावली. हे कागद घडी करून त्या डब्यातच ठेवीन, दुसरा पत्ता नाही.

आत्ता वहिनी वर येऊन गेली. एक बाही झाली आहे. माझ्या हातावर चढवून, मनगटाशी आणि कोपराशी इलॅस्टिक ओढून बघत म्हणाली, "मधी किती घट करू, ताई? घट केली तर आवाज येनार न्हाई, तुमच्या कामाच्या जागी बरं." मी म्हटलं, मधे जरा सैल ठेव. घट्ट झाली की हात अवघडतो. तिनं मान हलवली, खडूनं खूण केली आणि खाली गेली.

हात अवघडतो म्हणून सांगितलं तिला. तेवढ्यासाठी नव्हे, आई.